शरीरातील प्रवाहांचे गणित : सांगलीतील आठ रविवारांच्या वर्गाचे परीक्षण

सांगलीतील एका खासगी प्रशिक्षण केंद्राने गेल्या हिवाळ्यात मानवी शरीरातील प्रवाहांच्या गणिती प्रारूपांवर आठ रविवारांचा वर्ग घेतला. सकाळी दहा ते दुपारी दीड अशी वेळ होती आणि छापील टिपणे व चहा धरून शुल्क साडेचार हजार रुपये होते. मी तासगावला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अवकल समीकरणे शिकवताना ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाला तेच ते थंड होणाऱ्या चहाचे उदाहरण देण्याचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी नाव नोंदवले आणि एकही रविवार न चुकवता वर्ग पूर्ण केला. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. पण असा वर्ग निवडताना काय पाहावे, हे ठरवायला हे परीक्षण उपयोगी पडेल असे वाटते. माझे मत आधीच सांगते: पहिले पाच रविवार मी अलीकडे घेतलेल्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा सरस होते आणि शेवटच्या तीन रविवारांनी त्या कमाईतला बराच भाग घालवला.

वर्गात आम्ही बावीस जण होतो. निम्मे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, तीन फिजिओथेरपिस्ट, मिरजेच्या रुग्णालयांत काम करणारे काही तंत्रज्ञ, माझ्यासारखे दोन-तीन शिक्षक आणि पलूसकडचे एक ठिबक सिंचनाचे विक्रेते. या विक्रेत्यांना सगळे ‘दादा’ म्हणत आणि मुलाला हृदयाच्या झडपेचा त्रास असल्यामुळे आपण आलो आहोत, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयापासून मिरज वैद्यकासाठी ओळखली जाते आणि सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इतक्या जवळ नांदणाऱ्या या दोन विद्या एका फळ्यासमोर बसलेल्या मी तरी प्रथमच पाहिल्या.

पहिल्या रविवारी सरांनी एकही समीकरण लिहिले नाही. त्यांनी इंग्रज वैद्य विल्यम हार्वेचा १६२८ सालचा युक्तिवाद मांडला. त्या काळच्या समजुतीनुसार रक्त यकृतात सतत नव्याने तयार होत होते आणि शरीरात जिरून जात होते. हार्वेने एका ठोक्यात हृदयातून किती रक्त बाहेर पडते याचा मुद्दाम कमी धरलेला अंदाज घेतला, त्याला ठोक्यांनी गुणले आणि अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त शरीरातील एकूण रक्तापेक्षा जास्त भरते हे दाखवले. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजचे आकडे घेतले तर एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर. प्रौढ शरीरात रक्तही जवळपास तेवढेच असते. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वेला दिसल्या नव्हत्या, त्या मार्चेल्लो माल्पिगीला १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. तेहतीस वर्षे आधी केवळ एका गुणाकाराच्या बळावर त्या असल्याच पाहिजेत असे म्हणता आले होते. प्रारूप म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी याहून चांगला आरंभ मला सुचत नाही.

दुसऱ्या रविवारी बादली आली. बादलीच्या तळाशी दोन पारदर्शक प्लॅस्टिक नळ्या बसवल्या होत्या, दोन्ही एक मीटर लांबीच्या. एकीचा आतला व्यास चार मिलिमीटर, दुसरीचा दोन. पाण्याची पातळी नळ्यांच्या तोंडापेक्षा आठ सेंटीमीटर उंच राखायची, मिनिटभर पाणी मापपात्रात धरायचे आणि आकडे फळ्यावर लिहायचे. पॅरिसचे वैद्य ज्याँ पॉझई यांनी १८४० च्या दशकात काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर प्रयोग करून जो नियम मांडला, त्यानुसार दाब, लांबी आणि श्यानता (द्रवाचा दाटपणा) तीच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या दुप्पट, तर प्रवाह सोळापट. आमच्या जाड नळीतून मिनिटाला सुमारे २८० मिलिलिटर पाणी आले आणि बारीक नळीतून सुमारे २१. म्हणजे तेरापट.

बहुतेक शिक्षक येथे ‘प्रायोगिक त्रुटी’ म्हणून पुढे सरकले असते, आणि मीही वर्गात तेच केले असते, हे कबूल करते. सरांनी उरलेला सगळा तास त्या तेरा आणि सोळांमधल्या अंतरावर घालवला. बादलीतले पाणी स्थिर असते, नळीत ते धावू लागते; त्याला गती देण्यात दाबाचा काही भाग खर्च होतो. शिवाय नळीत शिरताच प्रवाहाला तो मध्ये वेगवान व कडेला स्थिर असा ठरावीक आकार येत नाही. जाड नळीत तो यायला बरीच लांबी जाते. हा जादा खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जाड नळीला तो जास्त भोवतो. तो खर्च जमेस धरून आम्ही पुन्हा गणित केले आणि उत्तर तेराच्या जवळ आले. पॉझईचा नियम चुकला नव्हता. लांब नळी, स्थिर आणि स्तरीय (थरांवरून थर सरकणारा) प्रवाह, ताठ भिंत या त्याच्या अटी आम्ही पूर्णपणे पाळल्या नव्हत्या. हृदयाच्या धमनीतील अरुंद झालेल्या जागेचे गणितही असेच दोन पदांचे असते, एक प्रवाहाच्या प्रमाणात आणि दुसरे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, हे पाच आठवड्यांनी समजले तेव्हा मला बादलीच आठवली.

तिसऱ्या रविवारचे खरे श्रेय दादांना द्यायला हवे. महाधमनी, धमन्या, धमनिका, केशवाहिन्या ही उतरंड सर फळ्यावर काढत होते, तेव्हा दादा म्हणाले, “सर, ही तर आमची मेन, सबमेन, लॅटरल आणि ड्रिपर.” सरांनी ती उपमा केवळ हसून सोडून दिली नाही, तर तासभर तपासली. द्राक्षबागेच्या ठिबकात दाबाचा मोठा भाग मेन लाइनमध्ये खर्च होऊ देत नाहीत. तो ड्रिपरमध्ये खर्च व्हावा अशीच रचना करतात, म्हणजे बागेच्या दोन्ही टोकांना पाणी सारखे पडते. शरीरातही मोठ्या धमन्यांमध्ये सरासरी दाब फारसा उतरत नाही. सर्वांत मोठा उतार धमनिकांमध्ये असतो आणि कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे, हे त्यांच्याच आकुंचन-प्रसरणावर ठरते. केशवाहिनी तर धमनिकेहूनही बारीक, मग तिथे उतार अधिक का नाही, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. केशवाहिन्यांची संख्या प्रचंड असते आणि त्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणून त्यांचा एकत्रित रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, कमी भरतो. बारावीच्या मुलांना समांतर जोडणीचे सूत्र आता मी याच उदाहरणाने शिकवते.

उपमा जिथे तुटते ती जागाही त्यांनी दाखवली, आणि मला तो भाग अधिक आवडला. साध्या ड्रिपरमधील वाट मुद्दाम नागमोडी केलेली असते, तिथला प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांचा, असतो आणि तो दाबाच्या जवळजवळ वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दाब दुप्पट केला तरी पाणी दीडपटीच्या आतच वाढते. धमनिकेतील प्रवाह अगदी संथ व स्तरीय असतो आणि तिची त्रिज्या बदलली नाही तर दाब दुप्पट होताच प्रवाहही दुप्पट होईल. त्यावर दादांनी पीसी, म्हणजे दाबातला फरक स्वतःच भरून काढणाऱ्या, ड्रिपरची आठवण काढली. त्यातील सिलिकॉनचा पडदा दाब वाढला की वाट अरुंद करतो, म्हणून चढ-उताराच्या रानातही पाणी सारखे पडते. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या धमनिका हेच करतात. दाबाने ताणल्या गेल्या की त्यांच्या भिंतीतील स्नायू आकसतात; विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये हे वर्तन नोंदवले. त्यामुळे सरासरी दाब सुमारे ६० ते १५० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान कुठेही असला तरी निरोगी मेंदूचा रक्तपुरवठा बराचसा स्थिर राहतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. दादांना हे कळल्यावर झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

चौथा रविवार माझ्या मते सगळ्या वर्गाचा कळस होता. हृदय रक्त झटक्याझटक्याने फेकते, तरी केशवाहिन्यांपर्यंत ते जवळजवळ अखंड धारेने पोहोचते. याचे स्पष्टीकरण स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये सुचवले होते. घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडून रक्त आठ फुटांहून वर चढते हे दाखवणारा हाच तो माणूस. अग्निशामक बंबावर हवेचा घुमट असतो, पंपाच्या ठोक्याला तो पाणी साठवतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये सोडतो. लवचीक धमन्या तसेच करतात, असे त्याचे म्हणणे होते. त्या घुमटाला जर्मन भाषेत ‘विंडकेसल’ म्हणतात आणि याच नावाने ओटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये त्याचे गणित मांडले. आमच्याकडे बंब आणायची गरज पडली नाही. द्राक्षबागेत फवारणीसाठी वापरतात त्या एचटीपी पंपावर असाच हवेचा कक्ष असतो, आणि तो नसता तर नोझलमधून औषध धक्क्याधक्क्याने उडाले असते, हे वर्गातील निम्म्या लोकांनी स्वतः अनुभवले होते.

या प्रारूपात दोनच राशी आहेत: शरीरभरच्या बारीक वाहिन्यांचा एकत्रित रोध आणि मोठ्या धमन्यांची लवचीकता. सरासरी दाब ९३ मिलिमीटर पारा आणि प्रवाह सेकंदाला ८४ मिलिलिटर धरला तर भागाकाराने रोध सुमारे १.१ येतो (सेकंदाला एक मिलिलिटर प्रवाहासाठी तेवढे मिलिमीटर पारा दाब). लवचीकता दर मिलिमीटर पाऱ्याला १.५ मिलिलिटर घेतली की दोघांचा गुणाकार सुमारे १.६५ सेकंद. हृदयाची झडप मिटल्यावर दाब घातांकी वक्राने उतरतो आणि तो किती वेगाने उतरतो हे हाच गुणाकार ठरवतो. झडप मिटताना दाब १०५ असेल, तर अर्ध्या सेकंदानंतर तो सुमारे ७८ राहतो. प्रत्येकाने हे आपापल्या गणकयंत्रावर काढले. १२०/८० मधला खालचा आकडा फळ्यावरच्या दोन राशींमधून उगवताना पाहून वर्ग क्षणभर शांत झाला. मग सरांनी लवचीकता निम्मी करायला सांगितले. तेवढेच ७० मिलिलिटर रक्त आता ताठ धमन्यांत शिरते, म्हणून वरचा आकडा चढतो. साठा लवकर रिकामा होतो, म्हणून खालचा आकडा उतरतो. सरासरी मात्र तीच राहते. उतारवयातील अनेकांचा वरचाच दाब का वाढलेला असतो, याचा मोठा भाग एवढ्याने समजतो. माझ्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या वहीतील आकडे मी त्या रात्री वेगळ्या नजरेने वाचले, मात्र औषधाच्या बाबतीत डॉक्टरांचे सांगणे तेवढेच प्रमाण मानले, हेही लिहून ठेवते.

पाचव्या रविवारी याच प्रारूपाची मर्यादा आली. विंडकेसल साऱ्या धमन्यांना एकच फुगा मानते, पण नाडी मनगटावर हृदयापेक्षा किंचित उशिरा लागते, म्हणजे दाबाची लाट प्रवास करते. लवचीक नळीतील प्रवाहाची समीकरणे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७५ मध्येच लिहिली होती. ती सुटत नाहीत असे त्यांनी स्वतःच म्हटले आणि तो लेख छापला गेला १८६२ मध्ये. लाटेचा वेग भिंतीच्या ताठरपणाबरोबर वाढतो. तरुण माणसात तो सेकंदाला पाच-सहा मीटर असू शकतो, ताठरलेल्या महाधमनीत दहाच्या वर जातो, आणि त्याच वेळी महाधमनीतील रक्ताचा स्वतःचा सरासरी वेग सेकंदाला वीस सेंटीमीटरच्या आसपास असतो. वैद्य नाडी पाहतात तेव्हा बोटाला लागते ती लाट असते. त्या ठोक्याला निघालेले रक्त अजून छातीतच असते. १९५५ मधील वोमर्स्ली यांचा अंक, म्हणजे ठोक्यांच्या घाईपुढे श्यानतेचा किती प्रभाव पडतो हे सांगणारे गुणोत्तर, शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकले गेले. महाधमनीत तो पंधरा-वीसच्या घरात असतो, त्यामुळे तिथे पॉझईचा गुळगुळीत परवलय आकार लागू पडत नाही, एवढेच वहीत उतरले. रक्त हे साधे द्रव नव्हे, संथ प्रवाहात ते अधिक दाट वागते आणि त्यासाठी वापरले जाणारे कॅसन यांचे १९५९ चे सूत्र मुळात छपाईच्या शाईसाठी मांडले गेले होते, ही माहिती टिपणांत आहे. वर्गात ती आलीच नाही. याला एक अख्खा रविवार मिळायला हवा होता.

सहाव्या रविवारपासून संगणक सुरू झाला आणि शिक्षकही बदलले. नेव्हिए आणि स्टोक्स यांची द्रवप्रवाहाची समीकरणे त्रिमितीत हाताने सुटत नाहीत, म्हणून रक्तवाहिनीच्या आकृतीचे लाखो बारीक तुकडे करून ती संगणकाने सोडवावी लागतात, यात वाद नाही. मानेतील धमनी जिथे दुभंगते त्या जागेची तयार आकृती आम्हाला दिली गेली. ही निवड योग्य होती, कारण भिंतीवरील घर्षणाचा ताण जिथे कमी पडतो आणि दिशा बदलत राहतो, तिथे चरबीचे थर साचण्याची प्रवृत्ती असते, हा कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास मांडलेला विचार याच फाट्यावर उत्तम दिसतो. पण चार जणांत एक लॅपटॉप, त्यातले दोन मध्येच अडकणारे, आणि सूचना फक्त ‘इथे क्लिक करा, आता तिथे क्लिक करा’ अशा. तासाभराने पडद्यावर लाल-निळे सुंदर चित्र आले आणि टाळ्या वाजल्या.

चित्र कशाच्या आधारावर आले, हे कोणी विचारले नाही म्हणून मी विचारले. फाट्यातून रक्त बाहेर पडते त्या दोन्ही टोकांना दाब शून्य धरला होता. “का?” तर “डीफॉल्ट आहे, मॅडम.” दोन्ही टोकांना सारखाच दाब दिला की कोणत्या फांदीत किती रक्त जाणार, हे केवळ त्या काही सेंटीमीटरच्या तुकड्याच्या आकारावर ठरते. शरीरात ते पुढच्या धमनिकांच्या रोधावर ठरते. मेंदूकडे जाणाऱ्या फांदीला सुमारे दोन तृतीयांश प्रवाह मिळतो, कारण मेंदूचा रोध कमी असतो. हीच गोष्ट आम्ही तिसऱ्या रविवारी ड्रिपरच्या भाषेत शिकलो होतो: पाण्याची वाटणी सबमेन करत नाही, ड्रिपर करतात. त्या तुकड्यांची जाळी आणखी बारीक केली तर उत्तर बदलते का, हे तपासण्याचा साधा नियमही पाळला नव्हता. मी घरी कागदावर दोन रोध एकास दोन या प्रमाणात मांडून वाटणी काढली, त्याला पाच मिनिटे लागली. पडद्यावरच्या त्या रंगीत चित्रापेक्षा माझा कागद सत्याच्या जवळ होता, असे म्हणण्याचे धाडस मी करते.

सातव्या रविवारी मिरजेहून आलेल्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडमनी दीड तास घेतला, तो या घसरणीतील अपवाद ठरला. हृदयाच्या धमनीत अडथळा ‘सत्तर टक्के’ दिसला तरी तो प्रवाहाला प्रत्यक्षात किती नडतो, हे चित्रावरून नेमके सांगता येत नाही. म्हणून औषधाने प्रवाह कमाल करून, बारीक तारेने अडथळ्याच्या पुढचा दाब मोजतात आणि त्याला महाधमनीतील दाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा महत्त्वाचा मानण्याचा प्रघात आहे. तार न घालता, सीटी स्कॅनवरून धमन्यांची आकृती काढून हेच गुणोत्तर गणिताने काढण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली. तिथे प्रत्येक टोकाला शून्य दाब धरत नाहीत. हृदयाच्या स्नायूचे वजन आणि वाहिन्यांची जाडी यांवरून पुढच्या रोधाचा अंदाज बांधून तो जोडतात, हे मॅडमनी एका वाक्यात सांगितले आणि मी मागच्या बाकावरून संगणकाच्या शिक्षकांकडे पाहिले.

आठव्या रविवारी प्रमाणपत्रे, छायाचित्रे आणि समोसे झाले. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र पहिले सर परत आले आणि माझ्या तक्रारीवरून त्यांनी फाट्याच्या दोन्ही टोकांना एकेक छोटे विंडकेसल जोडून दाखवले: एक रोध, एक लवचीकता, पुन्हा एक रोध. वाटणी लगेच बदलली, दाबाचा वक्रही ओळखीचा दिसू लागला. हा अर्धा तास सहाव्या रविवारी सकाळी दहा वाजता यायला हवा होता.

टिपणांविषयी थोडे. मराठीत लिहिलेली ही ऐंशी पाने स्वतंत्रपणे विकत घेण्याजोगी आहेत. श्यानता, रोध, संक्षुब्ध प्रवाह हे शब्द अडखळत नाहीत आणि ‘प्रेशर’, ‘पंप’, ‘ड्रिपर’ यांना उगाच पर्याय शोधलेले नाहीत. मात्र आकृत्यांची छपाई इतकी फिकी आहे की अक्षांवरचे आकडे भिंगाने वाचावे लागतात, आणि एककांच्या दोन ठिकाणच्या चुका मी केंद्राला लिहून कळवल्या आहेत. वर्गाची जागा हवेशीर आहे; बसस्थानकापासून रिक्षाने दहा मिनिटे लागतात.

पुढची तुकडी घेण्याचा केंद्राचा विचार आहे. गणित-भौतिकीच्या शिक्षकांनी आणि बारावीनंतरच्या जिज्ञासू मुलांनी जरूर जावे, आणि पहिल्या पाच रविवारांपुरते अर्धवट शुल्क घेतात का, ते आधी विचारून पाहावे. आमच्या वेळी तशी सोय नव्हती. सॉफ्टवेअर शिकून नोकरीसाठी उपयोग करू पाहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे मात्र येथे समाधान होणार नाही. दादांना मी त्यांचे मत विचारले, तेव्हा ते म्हणाले की मुलाच्या पुढच्या तपासणीत डॉक्टरांना काय विचारायचे, हे आता त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. पाच तारे देता येत असतील तर पहिल्या सरांना मी साडेचार देईन आणि संगणकाच्या सत्रांना दोन.